तूर्त सांभाळा

बँकेतल्या माणसाने संध्याकाळी पेढ्यांचा खोका घेऊन घरी यावं आणि शेजाऱ्यांनी त्याचा अर्थ बढती असा लावावा, यात शेजाऱ्यांचा काही दोष नाही. त्यातून खोका साताऱ्याच्या कंदी पेढ्यांचा. २०१७च्या मार्चमध्ये मी तो छातीशी धरून जिना चढलो, तेव्हा समोरच्या काकूंनी "अहो, साहेब झालात की काय!" म्हणत हातही पुढे केला. मी झाकण उघडलं. काकूंनी मागे घेतलेला हात पुढे महिनाभर आमच्या घरच्या कुठल्याच खाद्यपदार्थाला लागला नाही.

खोक्यात खार होती. बँकेच्या आवारातल्या गुलमोहरावरून पडलेली आणि शिपाईमामांनी मांजराच्या तोंडून सोडवलेली. पुढचे दोन पाय पळायला निघालेले, मागचे दोन संपावर.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांचा हात गाईम्हशींवर बसलेला. त्यांनी एका बोटाने तिची पाठ चाचपली आणि म्हणाले, "कण्याला मार आहे. जगेल, पण झाडावर चढायची नाही." वन्यप्राणी घरात ठेवायचे नाहीत असा १९७२चा कायदा, म्हणून वनखात्याच्या कचेरीत वर्दी दिली. तिथले साहेब खोक्यात डोकावले आणि म्हणाले, "सोडली तर संध्याकाळ बघायची नाही ही. तूर्त तुम्हीच सांभाळा." सरकारी भाषेत 'तूर्त' या शब्दाचं आयुष्य माणसाच्या नोकरीएवढं असतं, हे मला ठाऊक असायला हवं होतं म्हणा!

नाव ठेवलं चिल्लर. आम्हांला दुसरं काय सुचणार?

खार पाळणं म्हणजे चार शेंगदाणे टाकणं, अशी माझी आणि बहुधा तुमचीही समजूत. डॉक्टरांनी ती पहिल्याच आठवड्यात मोडली. नुसत्या शेंगदाण्यांवर ठेवली तर चुना कमी पडून हाडं ठिसूळ होतात. तेव्हा फळाची फोड, पालेभाजी, कुरतडायला समुद्रफेस आणि सकाळचं कोवळं ऊन. खारीचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. कुरतडायला काही नसेल तर तेच वाढून तोंड मिटेनासं होतं. म्हणून पेरूच्या फांद्या. मला फांद्या आणायला जरा उशीर झाला, की ती माझ्या पासबुकाचे कोपरे घेई. आणि मागचा भाग तिला स्वतःला साफ करता येत नसल्यामुळे रोज दोनदा कोमट पाण्याचा बोळा फिरवायचा, खालचं कापड बदलायचं, फरफटून जखम झाली नाही ना ते बघायचं. मुलांच्या लहानपणी ज्या कामांच्या वेळी मला नेमकं बँकेत ऑडिट निघत असे, ती सगळी कामं या बाईंनी माझ्याकडून करवून घेतली. "बघा, येतंय की तुम्हांला!" असं सौ. म्हणाली, त्यात कौतुक कमी आणि वीस वर्षांची थकबाकी जास्त होती.

रामाने पाठीवरून हात फिरवला आणि खारीला पट्टे उठले म्हणतात. उत्तरेकडच्या खारीला पाच पट्टे, दक्षिणेकडच्या खारीला तीन. म्हणजे दक्षिणेला येईपर्यंत प्रभूंनीही दोन बोटं राखून ठेवली! 'खारीचा वाटा' हा शब्दप्रयोगही मी तेव्हापासून जपून वापरतो. आमच्या घरात हा वाटा म्हणजे उशी, माझा डावा खिसा आणि चहाच्या वेळची सगळी बिस्किटं. शिवाय मुदत ठेवी. मिळालेला प्रत्येक तिसरा दाणा ती पुढच्या पायांवर घसटत जाऊन कुठेतरी गाडून यायची. पावती कुणालाच नाही.

हेमलकशाला डॉ. प्रकाश आमट्यांनी अनाथ प्राण्यांचं गोकुळ उभं केलं, त्यात बिबटेसुद्धा. आमचं गोकुळ एका खारीचं, तरी सल्लागार पुष्कळ. "झाडाखाली ठेवून या, निसर्ग बघून घेईल," असं शाखेतले एकजण रोज सांगत. निसर्ग बघून घेतो हे खरंच. पण बघतो तो शिक्रा आणि मांजराच्या डोळ्यांनी. तरी एक गोष्ट मला टोचायची. सकाळी बाहेरच्या आंब्यावर खारींचा चिक्‌चिक्‌ कलकलाट सुरू झाला, की चिल्लर पुढचे पाय खिडकीच्या गजाला लावून शेपटी झटकत तितक्याच तारस्वरात उत्तर द्यायची. पंधरा पंधरा मिनिटं. एकदा सौ. पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "आपण हिला वाचवलं, की कोंडलं हो?" पैपैचा हिशेब जुळवून घरी येणारा मी. हा काही जुळला नाही.

२०१८मध्ये बदली झाली सांगलीला. गावभागात तळमजल्यावर घर मिळालं. घरमालकांना 'चार माणसं' एवढंच सांगितलं होतं. पाचवं प्रकरण त्यांच्या नातीने शोधलं आणि भाडं न वाढता मिटलं.

मग २०१९चा ऑगस्ट. आयर्विन पुलापाशी ४५ फुटांना धोक्याची पातळी. कृष्णामाई ५७च्याही वर गेली. आम्ही मालकांच्या माडीवर, वीज नाही, खाली पाण्यावर आमचाच पाट तरंगतोय. चिल्लर भाकरीच्या टोपलीत, वरून सौ.चं पातळ बांधलेलं. तिसऱ्या दिवशी लष्कराची बोट आली. "सामान नहीं," जवान म्हणाला. सौ.ने टोपली सोडली नाही. "सामान नाही हे," ती मराठीतच म्हणाली. त्याने पातळाची कड उचलली. "गिलहरी? चलती नहीं?" मी मान हलवली. "तो पहले इसको दो," म्हणून त्याने टोपली स्वतःच्या मांडीवर घेतली आणि मग माझ्या सासूबाईंना हात दिला. क्रम चुकल्याचं सासूबाईंनी छावणीत प्रत्येकाला सांगितलं. दिवसभर केळ्याचे तुकडे मात्र त्याच भरवत होत्या.

पाणी उतरल्यावर चिखलाने भरलेल्या घरात पंचनाम्याला माणूस आला. भांडी, गाद्या, कपाट लिहून झालं.

"जनावरं?"

"एक," सौ. म्हणाली.

"वाहून गेलं?"

"नाही, आहे की."

त्याने रकान्यावर पेन टेकवलं. "गाय का म्हैस?"

"खार."

त्याने एकदा टोपलीकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि सवयीने पुढचा प्रश्न विचारलाच, "दुभती का भाकड?"