पाणी जातं कुठे?

नव्या किचनचा रंग ठरवायला मला तीन शनिवार लागले. डिझायनरने लॅपटॉपवर थ्रीडी चित्र दाखवलं. वर हस्तिदंती, खाली गडद हिरवा, ओट्यावर पांढरा क्वार्ट्झ, आणि सिंकच्या शेजारी कपाटासारखा दिसणारा डिशवॉशर. चित्रात सिंक होतं, नळ होता, नळाखाली कुंडीसुद्धा होती. पाइप एकही नव्हता. मला ते खटकलं नाही. पाइप कोण बघतं?

डिशवॉशर आईसाठी होता. मागच्या पावसाळ्यात ती साताऱ्याच्या घरात मोरीपाशी घसरली आणि उजव्या मनगटाचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर. ते निघाल्यावर डॉक्टर म्हणाले, पिळणं, घासणं, जड उचलणं आता जपून. आईने मान डोलावली. ती डॉक्टरांपुढे नेहमीच मान डोलावते.

हे मनगट म्हणजे आमच्या घराचा पगार होता. बाबा गेले तेव्हा मी सातवीत होते. आईने कॉलेजच्या मुलांना डबे द्यायला सुरुवात केली. आधी चार, मग अकरा, एका वर्षी तर एकोणीस. पोळ्या लाटण्याचं कौतुक सगळे करायचे. पण डबे परत यायचे तेव्हा त्यांना वाळलेली आमटी चिकटलेली असायची, आणि मोरीत पाटावर बसून आई ते एकेक करून घासायची. माझी इंजिनिअरिंगची फी त्या मोरीतून निघाली. तेव्हा मी आतल्या खोलीत अभ्यास करत असायचे आणि भांड्यांच्या आवाजाने त्रास होतो म्हणून दार लावून घ्यायचे.

त्यामुळे पुण्यात फ्लॅट घेतला, आईला इकडे आणलं, तेव्हा पहिली मोठी खरेदी हीच केली. सकाळी भांड्याला मावशी येतात. पण रात्रीची खरकटी भांडी सकाळपर्यंत ठेवायची नाहीत, हा आईचा कायदा. मशीन त्या रात्रीच्या भांड्यांसाठी.

बिल्डरने वॉशिंग मशीनचा पॉइंट ड्राय बाल्कनीत दिला होता. डिशवॉशरचा विचार कुठेच नव्हता. मॉड्युलर किचनवाल्याच्या माणसाने तोडगा काढला. भिंतीला खाली जमिनीलगत भोक पाडलं, मशीनची करडी वेस्टची नळी त्यातून पलीकडे काढली आणि बाल्कनीतल्या नहाणी ट्रॅपवर सोडून दिली. "झालं मॅडम, सरळ उतार आहे, पाणी कधी तुंबणार नाही."

पाणी तुंबलं नाही, पण मशीनमध्ये टिकलंही नाही. दोन तास घुंघुं करून मशीन थांबलं. दार उघडलं तर ताटांना पिठल्याची किनार तशीच, पावडरीची वडी कप्प्यात अर्धी विरघळलेली. आई काही बोलली नाही. तिने ती ताटं उचलून सिंकमध्ये ठेवली आणि डाव्या हाताने घासायला घेतली.

कंपनीचा टेक्निशियन आला. मशीन उत्तम आहे म्हणाला. नळी जमिनीवर सोडलेली बघून त्याने ती ओढून सिंकखालच्या कपाटात आणली, तळाशी पसरली आणि बॉटल ट्रॅपला जोडून दिली. त्या रात्री ताटं स्वच्छ निघाली. मी फोटो काढून मैत्रिणींना पाठवला.

चार दिवसांनी मशीनला वास यायला लागला. पाचव्या दिवशी आईने दार उघडलं तर तळाशी गढूळ पाणी, त्यात चहाचा चोथा आणि एक मोहरी. मशीनमध्ये चहाचं काहीच ठेवलं नव्हतं. चोथा सकाळी सिंकमध्ये ओतला होता. म्हणजे सिंकचं पाणी नळीतून उलटं येऊन धुतलेल्या भांड्यांखाली साचत होतं.

पुढचा आठवडा फोनवर गेला. टेक्निशियन म्हणाला, प्लंबिंग आमच्याकडे येत नाही. किचनवाला म्हणाला, आम्ही दिलेली लाइन तुम्ही बदललीत. बिल्डरच्या ऑफिसातून उत्तर आलं की पॉइंट नकाशाप्रमाणेच दिलेला आहे. स्वच्छ पाणी आत आणायला तिघेही तयार होते. घाण पाणी बाहेर नेणं हे मात्र कुणाचंच काम नव्हतं.

एका पहाटे पाचला मला आवाजाने जाग आली. ओळखीचा आवाज. बाल्कनीत दिवा लावून, साताऱ्याहून आणलेल्या पाटावर बसून आई भांडी घासत होती. मनगटाला क्रेप बँडेज होतं आणि तेही भिजलेलं होतं.

मी चिडले. इतके पैसे घातलेत, डॉक्टरांनी सांगितलंय, तुला कळत कसं नाही, असं सगळं बोलून घेतलं. आई म्हणाली, "त्या डब्यातून काढलेल्या ताटात मी तुला जेवायला वाढू?" मग थोडं थांबून म्हणाली, "तुझी झोपमोड नको म्हणून दार लावलं होतं गं."

मला पुढे बोलता आलं नाही.

सोसायटीच्या वॉचमनने एका वयस्कर प्लंबर काकांचा नंबर दिला. ते रविवारी आले. बॅटरी लावून कपाटात डोकं घातलं, नळी हाताने चाचपली आणि विचारलं, "आधी कुठं सोडली होती?" मी भोक दाखवलं. ते हसले. "मशीन पाणी भरत होतं आणि नळी ओढून काढत होती."

"म्हणजे?" मी विचारलं.

उत्तर आईने दिलं. "रॉकेलसारखं का हो, भाऊ?"

रेशनचं रॉकेल मोठ्या डब्यातून स्टोव्हच्या बाटलीत काढायचं तर आई रबरी नळीचं एक टोक डब्यात सोडायची, दुसरं तोंडाने ओढायची. एकदा धार लागली की पुढे काही करावं लागत नसे, खालच्या बाटलीत रॉकेल येतच राही. थांबवायचं असेल तर नळीचं तोंड डब्याच्या वर उचलायचं.

"अगदी तसंच, ताई," काका म्हणाले. पंपाने एकदा नळी भरून पाणी सोडलं की पंप बंद झाल्यावरही जमिनीवरचं टोक मशीनमधलं पाणी खेचत राहिलं. धुवायला घेतलेलं पाणी भांड्यांना लागण्याआधीच नहाणी ट्रॅपमध्ये. म्हणून वडी विरघळली नाही. नंतर सिंकला जोडलं ते बरोबर, पण नळी कपाटाच्या तळाशी लोळत ठेवली. सिंकचं पाणी जरा रेंगाळलं की ते सोप्या वाटेने निघतं, आणि सोपी वाट खाली, मशीनकडे होती.

नंतर मी मॅन्युअल उघडलं. नळीची उंची जमिनीपासून किमान 40 आणि जास्तीत जास्त 100 सेंटिमीटर हवी, असं आकृतीसकट छापलेलं होतं. ते पुस्तक त्या दिवसापर्यंत प्लॅस्टिकच्या पिशवीतच होतं.

काकांचं काम पाऊण तासाचं. नळी त्यांनी आधी सरळ वर नेली, ओट्याच्या दगडाखाली टेकेल इतकी वर, आणि तिथे क्लॅम्प मारून तिची कमान केली. मग खाली आणून सिंकच्या जाळीखाली, ट्रॅपच्या आधी जोडली. तिथे जोडायचं कारणही सांगितलं. ट्रॅपमध्ये थोडं पाणी कायम साठून राहतं आणि गटाराचा वास त्या पाण्याच्या पलीकडेच अडतो. मशीनचं पाणी त्याच्या आधी सोडलं तर वास मशीनपर्यंत येत नाही. शिवाय जाळीतून हवा मिळते, त्यामुळे ओढ लागत नाही. जोडावर क्लिप आवळली, खाली वर्तमानपत्राचा कागद पसरला आणि मशीन सुरू करून वाट बघत बसले. कागदावर एक थेंबही दिसला नाही. "आठ दिवस कागद राहू द्या," म्हणाले.

चहा घेताना आई त्यांना साताऱ्याची मोरी सांगत होती. गावाला जाऊन आठवड्याने परतलं की ती आधी मोरीत तांब्याभर पाणी ओतायची. का, ते तिला माहीत नव्हतं, पण त्याने वास थांबतो हे माहीत होतं. "ट्रॅप वाळायचा तुमचा," काका म्हणाले. आईला स्वतःच बरोबर असल्याचा फार आनंद झाला.

या मशीनचं पेटंट अमेरिकेत जोसेफिन कॉक्रेन नावाच्या बाईंनी 1886 साली घेतलं. नवरा वारला तेव्हा डोक्यावर कर्ज होतं आणि मशीन विकून त्यांनी संसार उभा केला. पहिली गिऱ्हाइकं हॉटेलं होती. घरांमध्ये मशीनला पुरेल इतकं गरम पाणीच तेव्हा नसायचं. हे मी आईला वाचून दाखवलं. तिने एवढंच विचारलं, "हॉटेलात? म्हणजे तिनेही दुसऱ्यांचीच भांडी घासली की."

आता रात्री आई मशीन लावते. मी लावलेलं तिला पटत नाही. ताटं आतल्या बाजूला तोंड करून हवीत, वाट्या पालथ्या पण तिरप्या, नाहीतर बुडाच्या खळग्यात पाणी राहतं. लोखंडी तवा आणि पितळेचं पातेलं मशीनमध्ये घालायचं नाही. ते मी घासते, ती बाजूला उभी राहून चुका काढते. पाणी सोडायची वेळ झाली की सिंकमधून गुडगुड आवाज येतो. पहिले काही दिवस आई तो आवाज आला की उठून सिंकखाली हात घालून बघायची. हात कोरडा निघाला की येऊन झोपायची.

वर्तमानपत्राचा कागद आठ दिवसांनी काढला. पाट बाल्कनीतच आहे. त्यावर आता मिठाची पिशवी आणि वड्यांचा डबा असतो.