विटांच्या वळणावर कॉफी

वाचकहो, कधी कन्याकुमारीच्या यात्रेला निघालात आणि वाटेत तिरुवनंतपुरमला उतरलात, तर स्टेशनाबाहेर बसस्टँडला लागूनच गोल गोल वर चढत गेलेली एक लाल इमारत दिसेल. ते इंडियन कॉफी हाऊस, कामगारांच्या सहकारी संस्थेचे. दोन घटका आत जाऊन बसा.

आत वेगळे मजले नाहीत. शंखाच्या पोटातून जावे तशी जमीन फिरत वर चढते. बाहेरच्या भिंतीकडेने बाके आणि टेबले आहेत. तीही दुकानातून आणलेली नाहीत, बांधकामातच घेतली आहेत. वाट चढणीची, पण टेबल सपाट, त्यामुळे कपातली कॉफी हिंदकळत नाही. भिंतीत जागोजागी विटांची जाळी सोडलेली. तिच्यातून वारा येतो, उजेड येतो, उन्हाचा ताव मात्र बाहेरच राहतो.

ही करामत लॉरी बेकर (१९१७–२००७) यांची. जन्म इंग्लंडातला, कर्मभूमी भारत. १९९० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी शोभेसाठी वेगळे काही लावले नाही. जे गरजेचे, तेच देखणे केले.

आपल्या जुन्या घरांतले कोनाडे, फडताळे, ओटे याच जातीचे नव्हेत का? आता घर काढले की भपक्यापायी कर्ज वाढते. तेव्हा आधी गावातल्या जाणत्या गवंड्याशी बोला. भिंतीतच फडताळ, ओट्यालाच बैठक, गोठ्याला विटांची जाळी एवढे जरी साधले, तरी घर सोयीचे होईल आणि गवंड्याच्या हातातली कलाही टिकेल.