वर्षाला एक डॉलर

१८८७च्या डिसेंबरात बॉस्टनमध्ये काही स्त्री-पुरुषांनी एकत्र येऊन पंडिता रमाबाईंना शब्द दिला, की तुमच्या हिंदुस्थानातल्या शाळेचा खर्च आम्ही दहा वर्षं चालवू. मग अमेरिकेतल्या गावोगावी रमाबाई मंडळं निघाली. सभासदाने वर्षाला निदान एक डॉलर द्यायचा आणि दहा वर्षं देत राहायचं. मला त्या डॉलरपेक्षा दहा वर्षांचं अप्रूप वाटतं. एकदा पैसे देऊन मोकळं होणारी माणसं पुष्कळ भेटतात; जिला कधी पाहिलेलं नाही अशा परमुलखातल्या बाईसाठी दहा वर्षांपुरतं स्वतःला बांधून घेणारी फार थोडी.

त्या पैशांवर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन उघडलं. तिथे आलेली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे गोदूबाई जोशी, कोकणातल्या देवरुखच्या. लग्न आणि वैधव्य दोन्ही अजाणत्या वयात येऊन गेलेलं, पुढची वर्षं सासरी राबण्यात सरलेली. धाकात वाढलेली बाई पाटीसमोर बसली, की पहिले कित्येक महिने तिचे नुसते कान उघडे असतात. कुणी हाक मारेल, काम सांगेल, रागावेल, याची वाट पाहत ती अक्षरं गिरवते. अशी हाक येणार नाही याची खात्री पटायलाच वेळ लागतो. मग हळूहळू ती शिकायला लागते. त्याही पुढे केव्हातरी, आपण चार पैसे मिळवू शकू, हा विचार तिच्या मनाला शिवतो. गोदूबाईंना हा अवकाश मिळाला तो दूरदेशी कुणीतरी दरवर्षी न चुकता बाजूला काढून ठेवलेल्या त्या डॉलरांतून.

आजच्या समारंभांत मला नेमकी हीच गोष्ट दिसत नाही. मार्चमध्ये महिला दिनाला शिलाई मशीनं वाटली जातात, फोटो निघतात. मशीन चांगलीच वस्तू आहे, तिच्यावर संसार उभे राहिलेले मी पाहिले आहेत. पण कापड बेतायला शिकवणारं कुणी, पहिली गिऱ्हाइकं येईपर्यंतचं घरभाडं आणि लेकराला तेवढा वेळ सांभाळणारं माणूस, यांतलं काहीच नसेल तर मशीन चादरीखाली झाकलेलं राहतं. नर्सिंगच्या शिक्षणाचंही तसंच. जीएनएमचा कोर्स तीन वर्षांचा. पहिल्या वर्षाच्या फीला देणगीदार सापडतो. दुसऱ्या वर्षी मेसचे पैसे थकतात आणि मुलगी गावी परत जाते, तिथे तिचं लग्न ठरतं. तिसऱ्या वर्षाचा मेसचा खर्च उचलणाऱ्या माणसाचा सत्कार कुणी करत नाही. मुलीच्या हातात पगार पडतो तो मात्र त्याच्यामुळे.

देणगीला अटीही चिकटतात. सदनातल्या मुली ख्रिस्ती धर्माकडे ओढल्या जात आहेत, असा गवगवा १८९३च्या सुमारास पुण्यात उठला. रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. त्या मुलींचं पुढे काय झालं, हा विचार मला अजून अस्वस्थ करतो. पैसा कुणाचा आणि धर्म कुणाचा हा वाद मोठ्यांचा होता. शाळा सुटली ती त्यांची.

त्याच वर्षी गोदूबाईंचं धोंडो केशव कर्व्यांशी लग्न झालं, त्या आनंदीबाई झाल्या. सगळे त्यांना बाया म्हणत. १८९६मध्ये कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. काही वर्षांनी तो पुण्याबाहेर हिंगण्याला, एका झोपडीत गेला. ती झोपडी कर्वेनगरात जपून ठेवली आहे. तिच्यासमोर उभं राहिलं, की मला कर्व्यांइतकीच बाया आठवते. फर्ग्युसनमधल्या पगारातून, साठवलेल्या पैशांतून कर्वे आश्रमाला देत राहिले, आणि एक दिवस त्यांनी आपली पाच हजारांची विम्याची पॉलिसीही संस्थेच्या नावे करून टाकली. ज्या काळात पुनर्विवाह केलेल्या बाईला नवऱ्यामागे माहेर, सासर, गाव काहीच उरत नव्हतं, त्या काळात बायाच्या म्हातारपणाचा तो एकुलता आधार होता. विधवांना पायावर उभं करायला निघालेल्या माणसाने स्वतःच्या बायकोच्या पायाखालची जमीन काढून दिली. कर्व्यांविषयी माझ्या मनात अपार आदर आहे. तरीही या ठिकाणी मी बायाच्या बाजूची आहे. ती पॉलिसी कर्व्यांच्या नावावर असली, तरी त्या दानातला मोठा वाटा बायाचा होता, आणि तो तिला न विचारता तिच्या नशिबी आला.

बायाच्या बहिणीची, पार्वतीबाई आठवल्यांची, गोष्ट या सगळ्याच्या पुढची आहे. विसाव्या वर्षी विधवा, पदरात एक मुलगा. हिंगण्याला येऊन शिकल्या आणि मग संस्थेसाठी वर्गणी गोळा करायला बाहेर पडल्या. केशवपन झालेली बाई परक्या गावात सभेपुढे उभी राहून पैसे मागते, हे दृश्य त्या काळच्या लोकांना किती अवघड गेलं असेल! पण बोलणाऱ्या बाईंकडे पाहूनच ऐकणाऱ्याला कळत असणार, की आपला रुपया कुठे जातो आणि त्याचं काय होतं. १९१८मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, इंग्रजी शिकायला आणि संस्थेसाठी मदत मिळवायला त्या थेट अमेरिकेला गेल्या. तिथे पोट भरायला लोकांच्या घरी घरकाम केलं. ‘माझी कहाणी’ या आत्मचरित्रात हे सारं त्यांनी सांगितलं आहे.

त्या १९२० साली परतल्या. त्याच साली विठ्ठलदास ठाकरसींनी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला पंधरा लाखांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं, नाथीबाईंचं, नाव मिळालं. दान मोठंच होतं, आणि त्यावर आईचं नाव लागलं याचा मला मनापासून आनंद होतो. पण जमाखर्चाच्या त्याच पानावर, ठाकरसींच्या पंधरा लाखांच्या शेजारी, मला पार्वतीबाईंची अमेरिकेतली मजुरी मांडायची आहे, आणि त्याखाली बायाचे पाच हजार.