शंभर वर्षांचे फोटो आणि चार जीबीचा संगणक

कोकणातल्या आमच्या शाळेची शताब्दी जवळ आली, स्मरणिका काढायचं ठरलं आणि फोटोंचं काम माझ्याकडे आलं. छपाई, कागद, बांधणी, पाकिटं या सगळ्यांचे आकडे अंदाजपत्रकात होते. फोटो दुरुस्त करायच्या सॉफ्टवेअरसाठी मात्र रकानाच नव्हता, आणि देणगीदारांचा पैसा आधी कागदाला हे खजिनदारांनी स्वच्छ सांगितलं होतं. हाताशी होता शाळेच्या संगणककक्षातला चार जीबी रॅमचा जुना संगणक, एक फ्लॅटबेड स्कॅनर, नववीतली काही हौशी मुलं आणि माजी विद्यार्थ्यांच्या ट्रंकांतून निघालेले फोटो.

अशा वेळी जो तो एकच प्रश्न विचारतो: सगळ्यात चांगलं सॉफ्टवेअर कुठलं? आम्ही आधी फोटो टेबलावर मांडले आणि त्यांना नेमकं काय झालंय ते पाहिलं.

कृष्णधवल फोटोंवर दमट हवेने बुरशीचे ठिपके पाडले होते. गडद भागांच्या कडांना निळसर, आरशासारखी चमक आली होती. ती कागदावरच्या थरातली चांदी वर आल्याची खूण. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या रंगीत फोटोंची तऱ्हा निराळी. स्नेहसंमेलनाचा अख्खा रंगमंच तांबूस झालेला, निळे गणवेश जांभळट. रंगीत प्रिंटमध्ये तीन रंगद्रव्यं असतात आणि बंद कपाटात राहिलेल्या त्या काळच्या प्रिंटमधलं सायन म्हणजे हिरवट निळं द्रव्य सहसा आधी विरतं. मग लाली तेवढी उरते. काही फोटो फ्रेमच्या काचेला चिकटलेले होते. ते ओढून काढायचे नाहीत, काचेसकट स्कॅन करायचे, एवढा नियम आम्ही पहिल्याच दिवशी केला.

एवढं पाहिल्यावर गरजांची यादी फार लहान निघाली. डाग पुसता आले पाहिजेत. लाल, हिरवा, निळा यांचा कर्व्ह वेगवेगळा हलवता आला पाहिजे, म्हणजे तांबूसपणा काढता येतो. सोळा बिटची टिफ फाइल उघडता आली पाहिजे. आणि फोटोवर देवनागरीत नावं नीट उमटली पाहिजेत.

गावातल्या एका स्टुडिओने लगेच तोडगा सुचवला: आमच्याकडचं क्रॅक केलेलं फोटोशॉप टाकून देतो, पैसे नकोत. त्यामागे आपुलकी होती, पण कायदा याबाबत कडक आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ बी सांगतं की, बेकायदा प्रत माहीत असून संगणकावर वापरली तर सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. वापर नफ्यासाठी नसेल तर न्यायालय कैद टाळू शकतं, गुन्हा मात्र राहतोच. शिवाय क्रॅकबरोबर व्हायरस येण्याची भीती. ज्या शाळेत मुलांना कॉपी करू नका म्हणून सांगतो, तिथल्या संगणकावर हे नको, असं मुख्याध्यापिकांनी ठरवलं. मला तो निर्णय मनापासून पटला.

पैसे भरून फोटोशॉप घ्यावं का, हे विचारायला मी तालुक्यातल्या दुसऱ्या स्टुडिओवाल्यांकडे गेलो. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. अण्णांचं पोट लग्नांवर चालतं. बारा बाय छत्तीस इंचांचे करिझ्मा अल्बम, त्यांच्या फोटोशॉपच्या पीएसडी फाइलमधल्या तयार डिझाइन, शेकडो फोटोंना एकदम लागू होणाऱ्या अ‍ॅक्शन, असा त्यांचा रोजचा व्यवहार. डिझाइन विकणारा, अल्बमची लॅब, हाताखालचा मुलगा, सगळे पीएसडीतच बोलतात. अण्णा दर महिन्याला वर्गणी भरतात आणि ती त्यांना जड वाटत नाही, कारण त्यावर त्यांची कमाई उभी आहे.

फोटोशॉपची ताकद नाकारण्यात अर्थ नाही. टॉमस आणि जॉन नोल या भावांनी लिहिलेल्या या प्रोग्रॅमची पहिली आवृत्ती अडोबीने १९९०मध्ये काढली. १९९४मध्ये लेअर आले, २००२मध्ये हीलिंग ब्रश, २०१०मध्ये कंटेंट-अवेअर फिल. फोटो दुरुस्त करणाऱ्याचं काम यातल्या प्रत्येक पायरीने सोपं केलं. पण २०१३मध्ये कंपनीने नव्या आवृत्त्या फक्त वर्गणीवर द्यायचं ठरवलं. एकदा विकत घेऊन दहा वर्षं वापरायची सोय संपली. वर्गणी थांबली की फोटोशॉप बंद. अडोबीच्याच लाइटरूम क्लासिकमध्ये जुने फोटो पाहता आणि बाहेर काढता येतात, सुधारणा करायचा विभाग मात्र बंद होतो. आमच्यासारख्या एकदाच करायच्या कामाला हे भाडं परवडणारं नव्हतं. अण्णांनीही तेच सांगितलं.

मग आम्ही गिंप घेतलं. स्पेन्सर किम्बॉल आणि पीटर मॅटिस या बर्कलीच्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेलं हे सॉफ्टवेअर १९९६मध्ये लोकांसमोर आलं आणि तेव्हापासून ते मोफत व मुक्त आहे. मार्च २०२५मध्ये त्याची ३.० ही आवृत्ती आली. तिच्यात लावलेला फिल्टर नंतरही बदलता किंवा काढता येतो, ही जुन्या गिंपमधली मोठी उणीव भरून निघाली. आमच्या जुन्या संगणकावर ते थोडं सावकाश चालायचं, पण अडलं नाही. डागांसाठी हील टूल, तांबूस फोटोंसाठी कर्व्ह, एवढ्यावर बहुतेक काम झालं.

देवनागरीचा अनुभव तर फारच चांगला. जुन्या फोटोशॉपमध्ये युनिकोड मराठी टाइप केलं की जोडाक्षरं तुटायची, वेलांट्या जागा सोडायच्या. म्हणून आपल्याकडच्या स्टुडिओंनी आणि छापखान्यांनी पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीवर वर्षानुवर्षं काम काढलं. हल्लीच्या फोटोशॉपमध्ये सेटिंग बदलून मराठी नीट लिहिता येतं. गिंपमध्ये ते सेटिंगही शोधावं लागलं नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’ने काढलेला मुक्त फाँट ‘मुक्ता’ घेतला आणि सगळ्या मुख्याध्यापकांची नावं शुद्ध उमटली.

गिंपचे दोष होते, तेही सांगायला हवेत. फोटोशॉपवर हात बसलेल्या माणसाला त्याची मांडणी अडखळवते. गिंप वापरून पाहायला बसलेले अण्णा थोड्या वेळाने उठून गेले. नववीतल्या मुलांनी फोटोशॉप कधी पाहिलंच नव्हतं, त्यामुळे त्यांना काही विसरायचं नव्हतं. दुसरा दोष छपाईचा. ऑफसेटला सीएमवायके रंग लागतात आणि गिंपमध्ये थेट त्या रंगांत काम करता येत नाही. आमचे बहुतेक फोटो कृष्णधवल, ते ग्रेस्केलमध्ये गेले. रंगीत फोटो आम्ही आरजीबी टिफमध्ये दिले आणि छापखान्याने आपल्या यंत्राप्रमाणे बदलून घेतले. पोस्टर, पाकिटं, लेबलं असं रंगीत छपाईचंच काम रोज करणाऱ्याने मात्र गिंपवर विसंबू नये, असं माझं मत आहे.

मुंबई-पुण्याच्या माजी विद्यार्थ्यांनी मोबाइलवर काढलेले फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले. तिथे फोटो दाबून लहान केला जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, असं सांगितल्यावर मूळ फाइल मिळू लागल्या. ज्यांना घरीच थोडं सुधारून पाठवायचं होतं त्यांना स्नॅपसीड सुचवलं. २०११मध्ये निक सॉफ्टवेअरने काढलेलं आणि पुढच्या वर्षी गूगलकडे गेलेलं हे मोफत अ‍ॅप तिरपा फोटो सरळ करायला आणि बारीक डाग पुसायला पुरेसं आहे. फोनपलीकडे काही शिकायचं नसलेल्या माणसाला याहून जास्त लागतही नाही.

याच दरम्यान एका माजी विद्यार्थ्याने साठच्या दशकातल्या हस्तलिखित मंडळाचा फोटो एआयने ‘साफ’ करून पाठवला. चेहरे लखलखीत झाले होते. मात्र फोटोतल्या एका बाईंच्या मुलीने ही माझी आई नाही असं सांगितलं. मूळ फोटो मागवून शेजारी ठेवला, तेव्हा डोळ्यांचा आकार, ओठांची ठेवण, अगदी नथही बदललेली दिसली. मूळ फोटोत जे तपशील उरलेलेच नाहीत ते एआय अंदाजाने भरतं. पार्श्वभूमीवरची भेग अशी बुजवली तर फार बिघडत नाही. पण चेहरा म्हणजे त्या माणसाची ओळख असते आणि स्मरणिका हा शाळेचा दस्तऐवज आहे. म्हणून आम्ही ठरवलं की, चेहऱ्यावरचा डाग हाताने पुसायचा, अंधूक चेहरा अंधूकच छापायचा. तो फोटो मूळ रूपातच छापला.

ऑक्टोबर २०२५च्या अखेरीस अ‍ॅफिनिटी मोफत झाल्याची बातमी आली. पूर्वी एकरकमी पैसे देऊन मिळणारं हे सॉफ्टवेअर कॅनव्हाने २०२४मध्ये विकत घेतलं होतं. आता कॅनव्हाचं खातं उघडलं की ते वापरता येतं, एआयच्या सोयींना तेवढे पैसे पडतात. त्यात सीएमवायके आहे, पीएसडी उघडते, पुस्तकाची मांडणीही होते. बऱ्यापैकी नवा संगणक असेल आणि खिशात पैसे नसतील तर आज मी हेच आधी सुचवेन. आमच्या चार जीबीला ते झेपलं नसतं. सोहळ्याचे फोटो कॅमेऱ्यावर रॉ फॉरमॅटमध्ये काढणाऱ्यांनी निकॉनचं एनएक्स स्टुडिओ किंवा कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल आधी वापरून पाहावं. दोन्ही मोफत आहेत आणि कॅमेरा घेतलेल्यांनाही अनेकदा ठाऊक नसतात. पुढे जास्त हवं असेल तर डार्कटेबल आहे, पण ते शिकायला वेळ द्यावा लागतो.

तुमच्या शाळेत, वाचनालयात किंवा घरी असे फोटो असतील तर सॉफ्टवेअर ठरेपर्यंत थांबू नका. ६०० डीपीआयवर स्कॅन करा, म्हणजे पोस्टकार्डाएवढा फोटो दुप्पट मोठा छापता येतो. मूळ स्कॅन टिफमध्ये, कोणताही बदल न करता, दोन वेगळ्या जागी ठेवा आणि दुरुस्ती नेहमी प्रतीवर करा. फोटोतली माणसं ओळखणारे कोणी असतील तर त्यांच्याजवळ बसून नावं आजच लिहून घ्या. ती कुठल्याही सॉफ्टवेअरमधून परत मिळत नाहीत.