सेकंदाचा तिसावा भाग

बँकेतील छत्तीस वर्षांच्या नोकरीत मी एक नियम कटाक्षाने पाळला. खतावणीत फरक आढळला, तर आधी व्हाउचर तपासायचे आणि मगच माणसाला प्रश्न विचारायचा. घरी मात्र हा नियम मी एकदा मोडला. ती चूक मला उमगली गेल्या हिवाळ्यात, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, आणि तीही एका जुन्या कॅमेऱ्यामुळे.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. सांगलीच्या पेठेत त्यांचे कापडाचे छोटे दुकान होते. छायाचित्रण हा त्यांचा एकमेव शौक. एकावर एक अशी दोन भिंगे असलेला जपानी कॅमेरा त्यांच्याकडे होता. तो पोटाशी धरून वरच्या काचेत वाकून पाहावे लागे. १२० क्रमांकाच्या एका रोलवर बारा चौरस चित्रे निघत. कॅमेऱ्यात प्रकाशमापक नव्हता. अण्णा उजेडाचा अंदाज घेऊन आकडे ठरवीत आणि प्रत्येक चित्राचे छिद्र व वेग एका लांबट वहीत टिपून ठेवीत.

डिसेंबर १९८२ मध्ये अक्काचे लग्न झाले. अण्णांना फ्लॅशचा झगझगाट आवडत नसे. सायंकाळी घराच्या सोप्यात पाठवणीची चित्रे त्यांनी आहे त्याच उजेडात घेतली. रोल धुऊन आला तेव्हा दुपारची मांडवातील चित्रे स्वच्छ होती. पाठवणीची पाचही चित्रे मात्र पांढुरकी आणि हललेली. मी नुकताच बँकेत लागलो होतो व थोड्या तोऱ्यातही होतो. पाहुण्यांसमोर बोलून गेलो, "अण्णा, आता तुमचा हात कापतो. कॅमेरा ठेवून द्या." ते काहीच बोलले नाहीत. कॅमेरा चामडी पेटीत गेला आणि १९९७ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत पुन्हा बाहेर आला नाही.

गेल्या हिवाळ्यात नातीने ती पेटी शोधून काढली आणि "आजोबा, हा चालतो का?" असे विचारले. रिकामा कॅमेरा उघडून मी वेग एक सेकंदावर ठेवला आणि खटका दाबला. भिंगातील पाती उघडली ती मिटेचनात. बोटाने हलकेच टिचकी मारल्यावर मिटली.

या प्रकारच्या कॅमेऱ्यात भिंगाच्या मध्येच पातळ पोलादी पात्यांची झडप असते. संथ वेगांसाठी तिला क्षणभर उघडी धरून ठेवण्याचे काम घड्याळातल्यासारखी बारीक दंतचक्रे करतात. त्यांवरील वंगण कालांतराने चिकट होते. थंडीने आणि न वापरल्याने ते अधिकच घट्ट बनते. मग चक्रे रेंगाळतात आणि झडप ठरल्यापेक्षा जास्त वेळ उघडी राहते. अतिवेगवान आकड्यांवर या चक्रांचा फारसा संबंध येत नाही, म्हणून तेथे दोष दिसत नाही.

मापनाची युक्ती नातीने सुचविली. तिच्या मोबाइलमध्ये एका सेकंदात २४० चौकटी टिपणारे संथ चित्रण होते. कॅमेऱ्याचे मागचे दार उघडून, छिद्र पूर्ण मोकळे ठेवून, भिंग खिडकीकडे केले आणि मागून चित्रण घेतले. झडप किती चौकटींत उघडी दिसते ते मोजायचे. १/३० वर आठ चौकटी हव्यात. पहिल्या खेपेस साठ आल्या! म्हणजे सेकंदाचा चौथा भाग, जवळजवळ आठपट प्रकाश. सात-आठ वेळा खटका दाबल्यावर त्या वीसपर्यंत उतरल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा साठ. १/१२५ वर मात्र दोनच चौकटी, अगदी बरोबर.

मी अण्णांची वही काढली. मांडवातील चित्रे: १/१२५. पाठवणी: छिद्र ३.५, वेग १/३०. माझ्या मनात धस्स झाले.

अर्थात आजचे माप म्हणजे १९८२चा पुरावा नव्हे. म्हणून बटरपेपरच्या पाकिटांतील निगेटिव्ह खिडकीच्या काचेवर धरून पाहिल्या. पाठवणीच्या निगेटिव्ह काळ्याकुट्ट होत्या. हात कापला तर चित्र हलते, पण फिल्मवर जास्त प्रकाश पडत नाही. येथे दोन्ही दोष होते. वहीतील १९७६च्या नोंदीत तोच सोपा, तीच सायंकाळची वेळ, तेच आकडे होते. ती निगेटिव्ह नितळ होती. म्हणजे उजेडाचा अंदाजही चुकला नव्हता. पाव सेकंद उघड्या राहिलेल्या झडपेसमोर कोणाचाही हात स्थिर राहिला नसता.

ज्यांच्या कपाटात असा कॅमेरा असेल, त्यांना अनुभवाने सांगतो: आत तेल मुळीच सोडू नका. ते पात्यांवर पसरले की पाती एकमेकींना चिकटतात. स्वतःचा फोटो घेण्यासाठी असलेली विलंबाची कळ ओढू नका. तिची चक्रे अडली तर सारी झडपच अडकते. वारंवार खटका दाबून आलेली सुधारणा तात्पुरती असते. पुण्यातील एका वृद्ध कारागिराने माझ्या कॅमेऱ्याचे पुढचे भिंग उतरवून दंतचक्रे द्रावकाने धुतली, त्यांच्या आसांना सुईच्या टोकाने घड्याळाचे तेल लावले आणि पाती कोरडीच ठेवली. आता १/३० वर आठ, कधी नऊ चौकटी येतात.

अक्का इचलकरंजीला असते. तिला फोनवर सारा हिशेब ऐकविला. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "हे अण्णांना सांगायचं होतंस रे."

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. पुढच्या रविवारी कॅमेरा घेऊन मी तिच्याकडे गेलो. सायंकाळी तिला खिडकीपाशी बसविले आणि खटका दाबला. माझा हात थोडा कापत होता, हे कबूल केले पाहिजे. घरी आल्यावर अण्णांच्या वहीतील शेवटच्या नोंदीखाली लिहिले: अक्का, छिद्र ३.५, वेग १/३०.