तिथीची पाऊणपट

पतंग उडवणारी मुले मी जन्मभर पाहत आलो आहे. पण पतंगच ज्याला उडवतो असा मुलगा आमच्या घराण्यात प्रथम निघाला तो माझा भाचा. संक्रांतीच्या पतंगाशी त्याच्या पतंगाचे नाते केवळ नावाचे. नऊ चौरस मीटरांचे, कडेला हवा भरून फुगवलेले कापड. त्याला वीस-बावीस मीटर लांबीच्या दोऱ्या. दोऱ्यांच्या टोकाला कमरेशी पट्टा आवळलेला माणूस आणि त्या माणसाच्या पायांखाली एक फळी. वारा पतंगाला ओढतो, पतंग माणसाला ओढतो आणि माणूस पाण्यावरून सुसाट निघतो. याला काइटसर्फिंग म्हणतात. फ्रान्समधल्या लेगेन्यू नावाच्या दोघा भावांनी असल्या फुगवत्या पतंगाचे पेटंट १९८४ साली घेतले आणि २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ प्रथमच खेळला गेला, हे सारे त्याने मला पहिल्या पाच मिनिटांत ऐकवले.

हा खेळ तो गोव्याला, मोरजीच्या किनाऱ्यावर शिकला. पण शिकलेल्या जागी समाधान मानील तो तरुण कसला? गेल्या चैत्रात आठ दिवसांची रजा काढून तो पुण्याला माझ्याकडे आला आणि म्हणाला, “मामा, आंजर्ल्याला जाऊ या. तिथं अजून कुणी पतंग घेऊन उतरलेलं दिसत नाही.”

आंजर्ले हे माझे गाव. म्हणजे त्याच्या आईचे माहेर आणि त्याचे आजोळ. गाव सोडून मला चाळीस वर्षे झालेली. आजोळची ओढ त्याला पतंगामुळे का होईना लागली, म्हणून मी खुशीत निघालो.

पोहोचल्या दिवशी सकाळीच आम्ही कड्यावरच्या गणपतीचे दर्शन घेतले. दर्शन मी घेतले. भाच्याने पाहणी केली. खाली निळा समुद्र, पलीकडे सुवर्णदुर्ग, आणि जोग नदी समुद्राला मिळते तिथे वाळूचा एक लांबट दांडा. दांड्याच्या आत पाणी कसे अगदी तव्यासारखे सपाट! भाच्याने मोबाइलवर त्या जागेचे उपग्रहातून घेतलेले छायाचित्र काढले, वाऱ्याचा अंदाज पाहिला आणि टाळी वाजवली. “दुपारी वायव्येचा वारा. पाणी सपाट. मामा, याहून चांगली जागा मिळायची नाही!”

त्याच क्षणी मला माझे आजोबा आठवले. ओटीवर बसून ते आम्हां पोरांकडून एक हिशेब घोकून घेत: तिथीची पाऊणपट करा, की भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. सहाच्या सुमाराला भरती. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. आणि त्या दिवशी पौर्णिमा होती. म्हणजे सव्वाअकराला पाणी पुरते भरणार आणि भाचा उतरायच्या वेळी ते खाडीतून बाहेर धावत असणार, तेही उधाणाचे.

हे मला ठाऊक होते. पण मी बोललो नाही. त्याच्या हातात उपग्रह होता आणि माझ्या हातात पंचांग! म्हातारा मामा काहीतरी जुनेपुराणे सांगतो आहे, असे तो म्हणेल या संकोचाने मी गप्प राहिलो. त्या संकोचाची आठवण झाली की अजून माझे मन मला खाते.

अडीच वाजता तो उतरला. प्रथम दृश्य मोठे देखणे होते. लाल पतंग आकाशात, त्याखाली पाणी चिरत जाणारा तो, आणि काठावर गावातली पोरे ओरडताहेत. माझ्याशेजारी एक वृद्ध तांडेल जाळे सांधत बसले होते. ते मान वर न करता म्हणाले, “आज पुनव. पाणी ओढतंय. पोराला बोलवा.”

मी हात हलवले, हाका मारल्या. पण वारा माझ्या तोंडावर होता. तोवर तो दांड्याच्या टोकाशी गेला होता. तिथे वारा आत येत होता आणि पाणी बाहेर चालले होते. दोघांच्या झटापटीत लाटा उभ्याच्या उभ्या उठत होत्या. एका लाटेत पतंग कोसळला, दोऱ्या गुंतल्या, फळी कुठच्या कुठे गेली. पतंगाला धरून तरंगणारे त्याचे डोके लहान लहान होत चालले.

तांडेलांनी जाळे बाजूला ठेवले. दोन माणसे घेऊन त्यांनी होडी ढकलली. तो अर्धा तास मी कसा काढला ते लिहीत नाही. त्याच्या आईला काय सांगायचे, एवढा एकच विचार माझ्या डोक्यात फिरत होता.

होडी परत आली. भाचा थंडीने काकडत होता, पण शुद्धीवर होता. तांडेल त्याच्यावर रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “पाणी बघितलंस बाळा, पाण्याची वेळ नाही बघितलीस. आणि पाऊस झाला की हा दांडाही जागा बदलतो. तुझ्या फोटोतला दांडा कुठल्या सालचा?”

रात्री मी भाच्याला सारे सांगितले. मी गप्प राहिलो होतो हेसुद्धा. तो रागावेल असे वाटले होते. तो वही घेऊन आला आणि म्हणाला, “मामा, तो हिशेब पुन्हा सांग.”

दुसऱ्या दिवशी त्याने पतंग उघडला नाही. पाण्याच्या कडेला दर तासाला एक काठी रोवत तो दिवसभर वाळूत बसला. ओहोटीच्या सहा तासांत पाणी सारख्या चालीने उतरत नाही. पहिल्या नि शेवटच्या तासात ते रेंगाळते आणि मधल्या दोन तासांत निम्मे पाणी निघून जाते, हे त्याने काठ्यांवरून ताडले. ऑलिंपिकमधला तो खेळ मार्सेलला झाला. भूमध्य समुद्रात भरती-ओहोटी जेमतेम. तिथे वाऱ्याची ओळख असली की बरेचसे भागते. आपल्याकडे उधाणाला गोव्यात पाणी सहा-सात फूट चढते-उतरते, मुंबईला बारा-तेरा फूट. इथे वाऱ्याइतकीच चंद्राचीही ओळख हवी.

रजेच्या शेवटच्या दिवशी अष्टमी होती. भांगाचे पाणी, त्यात ओढ कमी. दुपारी ओहोटी संपलेली, सहाच्या भरतीसाठी पाणी खाडीत शिरू लागलेले. वारा आत, पाणीही आत. पडला तरी ते त्याला काठाकडेच आणून सोडणार. तरी उतरण्यापूर्वी तो तांडेलांकडे गेला आणि म्हणाला, “आजोबा, जाऊ?”

तांडेलांनी पाण्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. त्या वेळी मी गप्प राहिलो नाही. म्हटले, “आठाची पाऊणपट सहा. जा.”

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा दिवाळी आलेली असेल. लक्ष्मीपूजनाला अमावास्या. त्या दिवशी आंजर्ल्याच्या खाडीत मध्यान्हीच्या सुमाराला उधाणाचे पाणी काठोकाठ भरलेले असेल. भाचा फराळाला येणार आहे. पतंग आणू का, असे त्याने पत्रात विचारलेले नाही. विचारले आहे ते एवढेच: “मामा, भाऊबीजेला भरती किती वाजता?”

दोनाची पाऊणपट दीड, असे मी त्याला कळवले आहे.