खोटा राजवाडा, खरी गल्ली

कोरियन आणि चिनी मालिकांचं वेड लागलं, की एक दिवस ‘हे सगळं आहे तरी कुठे?’ हा किडा डोक्यात वळवळायला लागतो. त्या किड्याचं ऐकून केलेली ही भटकंती.

कुठल्याही ऑफिसात लंच टाइमला जरा कान टवकारून ऐका. डबे उघडले की कुणीतरी हमखास विचारतं, ‘काल किती एपिसोड झाले?’ मग लगेच दोन पक्ष पडतात. कोरियन पक्ष म्हणतो, सोळा एपिसोडांत गोष्ट खल्लास. हीरो रडतो, आपण रडतो, सोमवारी पुन्हा ऑफिस. चिनी पक्ष म्हणतो, सत्तर एपिसोडांच्या राजवाड्यातल्या राजकारणापुढे तुमचं छत्रीतलं प्रेम म्हणजे बिनसाखरेचा चहा.

मी दोन्ही पक्षांची आजीव सभासद! आपल्याकडच्या मालिकांना टीआरपी असेपर्यंत मरण नसतं. तिथे ‘शेवट ठरलेला आहे’ एवढ्या एका गोष्टीवर मी फिदा झाले. मग दोन वर्षांच्या सुट्ट्या साठवून आधी कोरिया गाठलं, नंतर चीन.

दोन स्नोमॅन आणि एक बेट

सोलपासून ट्रेननं साधारण तासाभरावर गाप्योंग. तिथून पाच मिनिटांची फेरी घेतली की नामी बेट. हे मुळात बेट नव्हतंच. १९४४ मध्ये खाली धरण झालं, नदीचं पाणी चढलं आणि अर्धचंद्राच्या आकाराचा हा तुकडा सुटा झाला. पुढे २००२ मध्ये ‘विंटर सोनाटा’ इथे चित्रित झाली आणि बेटाचं नशीबच पालटलं. वीस एपिसोड, बे योंग-जुन आणि चोई जी-वू, अपघात, स्मृती जाणं, सगळा मसाला. २००३ मध्ये ती जपानच्या एनएचकेवर गेली आणि तिथल्या आपल्या आईच्या वयाच्या बायका त्या हीरोवर अक्षरशः वेड्या झाल्या. कोरियन मालिकांच्या लाटेची गोष्ट सांगताना हे नाव टाळताच येत नाही.

आज ती मालिका बघाल तर स्लो वाटेल. हात धरायला एवढा वेळ? पण त्या उंचच उंच मेटासिक्वोयाच्या रांगेतून चालताना त्या स्लोपणाचा फंडा कळतो. तिथे घाई करायला काही नाहीच. हीरो-हिरॉइनच्या पुतळ्याशेजारी फोटोसाठी झुंबड असते. त्यांनी बनवलेल्या दोन छोट्या स्नोमॅनच्या प्रतिकृतीही आहेत.

नामीचा मामला सगळा खुल्लमखुल्ला आहे. बेट स्वतःला ‘नामीनारा प्रजासत्ताक’ म्हणवतं, प्रवेशाला ‘व्हिसा’ म्हणतं. शरद ऋतूत इथली गिंकोची पिवळी पानं लवकर गळून जातात, म्हणून सोलच्या सोंगपा भागातली पानं आणून रस्त्यावर अंथरतात. कळलं तेव्हा मी खो खो हसले. पण राग नाही आला. आपण स्वप्न विकत घ्यायलाच आलोय, हे दोन्ही बाजूंना ठाऊक आहे.

समुद्रापुढची रांग

दुसरं ठिकाण पूर्व किनाऱ्यावर, गांगनुंगजवळचं जुमुनजिन. २०१६-१७ मधल्या ‘गॉब्लिन’मध्ये गोंग यूनं रंगवलेला ९३९ वर्षांचा सेनापती इथल्या बंधाऱ्यावर हातात फुलं घेऊन उभा राहतो. समोर लाल मफलरमधली शाळकरी मुलगी, मागे उसळता समुद्र आणि अख्ख्या जगात त्या दोघांशिवाय कुणी नाही.

प्रत्यक्षात? त्या दोघांच्या जागी उभं राहायला रांग! लाल मफलर आळीपाळीने गळ्यात चढतो, जोडपी बंधाऱ्याच्या टोकाशी जातात, पंधरा सेकंद, क्लिक, पुढचे. वाळू वाहून जाऊ नये म्हणून बांधलेला साधा बंधारा, पण लेखिका किम उन-सूकच्या एका सीननं त्याचं देऊळ झालं. शेजारी मासळीचं बंदर निवांत आपलं काम करत होतं. तिथे मला सगळ्यात छान वाटलं. कुणी कुणाच्या वाटेत नव्हतं.

‘आमचं हे घर आहे हो’

तिसऱ्या ठिकाणी मात्र मजा उतरली. सोलमधलं बुकचोन म्हणजे उतारावरच्या गल्ल्या आणि कौलारू पारंपरिक घरं, ज्यांना हानोक म्हणतात. ‘विंटर सोनाटा’तली शाळा याच भागात आहे. पण आता लोक एखाद्या सीनसाठी कमी आणि अख्ख्या ‘फील’साठी जास्त येतात. भाड्यानं घेतलेला रंगीत हानबोक, हातात फोन, मागे कौलं.

मी पोचले तेव्हा गल्लीच्या तोंडाशी जॅकेट घातलेल्या काकू ‘कृपया शांतता राखा’ अशी पाटी घेऊन उभ्या होत्या. चार भाषांमध्ये. एका दारातून आजी बाहेर आल्या, हातात कचऱ्याची पिशवी. त्यांच्या उंबऱ्यावर बसून तिघी जणी पोझ देत होत्या. आजी थांबल्या. फोटो होईपर्यंत, स्वतःच्या दारात, पिशवी घेऊन थांबल्या. मग भाषांतराच्या अॅपवर मी त्यांना विचारलं, त्रास होतो का? त्यांनी फोनमध्ये एकच वाक्य बोललं. स्क्रीनवर उमटलं, ‘आमचं हे घर आहे हो.’

बुकचोनमध्ये साधारण सहा हजार लोक राहतात आणि वर्षाला साठ लाखांच्या आसपास पर्यटक येतात. शेवटी जोंगनो जिल्हा प्रशासनानं नोव्हेंबर २०२४ पासून तिथल्या ‘रेड झोन’मध्ये संध्याकाळी ५ ते सकाळी १० पर्यटकांना मनाई केली आणि मार्च २०२५ पासून एक लाख वॉनचा दंड लावला. २०२१ मध्ये ‘होमटाउन चा-चा-चा’च्या निर्मात्यांनाही शूटिंग झालेल्या खासगी घरांकडे जाऊ नका, अशी विनंती प्रेक्षकांना करावी लागली होती.

इथेच कोरियन मालिकांची ताकद आणि किंमत एकत्र दिसते. त्यांची जादू साध्या जागांमध्ये आहे. बसस्टॉप, जिना, कोपऱ्यावरचं चोवीस तासांचं दुकान. म्हणून त्या आपल्याला आपल्या वाटतात. पण साध्या जागेत साधी माणसं राहतात, आणि त्यांना कुणी रोल ऑफर केलेला नसतो.

जिथे कुणीच राहत नाही

याच्या बरोब्बर उलटा प्रकार चीनमधल्या हंगडियनचा. झेज्यांग प्रांतातलं हे गाव, आपले व्यापारी ज्या यीवूच्या बाजारात जातात त्याच्या जवळच. १९९६ मध्ये शू वनरोंग या उद्योजकानं श्ये जिन या दिग्दर्शकाच्या ‘द ओपियम वॉर’साठी इथे जुन्या ग्वांगझूचे रस्ते उभे केले. मग छिन राजवाडा आला, आणि बीजिंगच्या निषिद्ध नगरीची प्रचंड प्रतिकृतीही. खऱ्या नगरीत बर्तोलुचीला ‘द लास्ट एम्परर’ (१९८७) साठी परवानगी मिळाली होती, पण रोजच्या मालिकांसाठी ते दार कोण उघडणार? मग खोटा राजवाडाच बरा.

धंद्याची आयडियाही सॉलिड. २००० पासून निर्मात्यांना लोकेशन फुकट. कमाई हॉटेलं, कपडेपट, एक्स्ट्रा कलाकार आणि पर्यटकांच्या तिकिटांवर. नशीब काढायला देशभरातून येणाऱ्या पोरापोरींना तिथे ‘हंगप्याओ’ म्हणतात, म्हणजे हंगडियनचे भटके. मला भेटलेला एक जण पूर्ण शाही पोशाखात पायरीवर बसून डब्यातला भात खात होता. म्हणाला, आज तीनदा मेलोय, चौथ्यांदा जेवणानंतर!

२०१८ ची ‘स्टोरी ऑफ यान्शी पॅलेस’ इथलीच, सत्तर एपिसोडांची. ती राजवाड्याची गोष्ट आहे असं कुणाला वाटत असेल तर सांगते, ती ऑफिसची गोष्ट आहे. लहरी बॉस, कुजबुजणारे सहकारी, क्रेडिट चोरणारी सीनियर आणि तोंड बंद ठेवून डोकं चालवणारी नवी मुलगी. चिनी मालिकांमध्ये पसारा फार, मधले दहा एपिसोड सहज कापता येतील. २०२० मध्ये तिथल्या सरकारी नियंत्रकांनीच चाळीसच्या आत आवरा, असं सांगितलं होतं. पण कारागिरी बघावी ती त्यांचीच. ‘यान्शी’मधल्या केसांतल्या फुलांमुळे नानजिंगच्या रेशमी फुलांच्या जुन्या कलेला नव्यानं गिऱ्हाईक मिळालं.

मला विचाराल तर मालिका म्हणून माझं मत कोरियाला. तिथली माणसं मनात राहतात. पण प्रेक्षक म्हणून हुंदडायचं असेल तर खोटा राजवाडाच जास्त प्रामाणिक. तिथे कुणाची झोप मोडत नाही, तिकिटाचे पैसे थेट त्या गावात जातात. ‘स्वदेस’ची जागा शोधत वाईजवळ मेणवलीच्या घाटावर जाणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवायला हरकत नाही. आवडत्या सीनच्या मागे कुणाचं तरी दार असतं. त्या दारात फोटो काढण्याआधी, आतून कुणी बाहेर येतंय का, एवढं बघून घ्या.

जायचंय?

• नामी बेट : सोलहून गाप्योंगपर्यंत ट्रेन, पुढे फेरी. सकाळची पहिली फेरी पकडा, गर्दी टळते.

• जुमुनजिन : सोल ते गांगनुंग केटीएक्सनं सुमारे दोन तास. पुढे बस किंवा टॅक्सी. मफलर घरून न्या!

• बुकचोन : सकाळी १० ते संध्याकाळी ५ याच वेळेत जा आणि आवाज खाली ठेवा.

• हंगडियन : शांघाय किंवा हांगझूहून यीवूपर्यंत ट्रेन, पुढे रस्त्यानं. किमान दोन दिवस हाताशी ठेवा. भारत-चीन थेट विमानं ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली.

• दोन्ही देशांसाठी व्हिसा आधी काढावा लागतो. सुट्टीचा अर्ज त्याच्याही आधी.